उष्णतारोधित माळ्यावरील फळ्यांची वाट

ब्रिटनमधील सर्वसाधारण घराचे छप्पर उतरते असते. दोन्ही अंगांचे वासे वर आढ्याशी मिळतात. वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले किंवा पाटीच्या दगडाच्या चिपा बसवलेल्या असतात. सर्वांत वरच्या खोल्यांचे छत आणि हे छप्पर यांच्यामध्ये जी त्रिकोणी पोकळी उरते, तिला तिकडे ‘लॉफ्ट’ म्हणतात. आपण तिला माळा म्हणू.

कोकणातील कौलारू घराच्या माळ्याशी या माळ्याचे बाह्यतः साम्य आहे; परंतु एक महत्त्वाचा भेदही आहे. आपल्याकडील माळा बहुधा वापरासाठीच बांधलेला असतो. भक्कम तुळयांवर जाड फळ्या ठोकलेल्या असतात आणि घरातील माणसे तेथे निर्धास्तपणे वावरतात. ब्रिटिश घराच्या माळ्याला असा तळच नसतो. तेथे छताच्या तुळयांच्या खालच्या अंगाला प्लास्टर-बोर्डचे पातळ तक्ते ठोकलेले असतात आणि तेच खालच्या खोलीचे छत होय. वरून पाहिले असता एकामागून एक तुळया आणि त्यांच्यामधील उथळ गाळे एवढेच दिसते. दोन तुळयांमधील अंतर सामान्यतः ४०० ते ६०० मिलीमीटर असते. गाळ्यात पाय पडला, तर तो माणसाचा भार न पेलणाऱ्या तक्त्यावर पडतो आणि बहुधा तक्त्यासह माणूसही खालच्या खोलीत येतो.

असे असूनही या माळ्यावर जावे लागतेच. अनेक जुन्या घरांत पाण्याची टाकी तेथे असते. नळ, विजेच्या तारा आणि धुराड्याचे बांधकाम तेथून गेलेले असते. एखादे कौल सरकले तर ओल प्रथम तेथेच दिसते. म्हणजे माळा ही राहण्याची जागा नसली, तरी घराची देखभाल तेथे गेल्यावाचून होत नाही. म्हणूनच तेथपर्यंत सुरक्षित वाट कशी तयार करावी, हा लहानसा वाटणारा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे.

रोधक थर आणि दृष्टीआड झालेल्या तुळया

थंड देशात घर उबदार ठेवण्यासाठी पुष्कळ इंधन खर्ची पडते. उष्णतारोधक थर नसलेल्या घरातील सुमारे एक चतुर्थांश उष्णता छपरावाटे निघून जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर या अपव्ययाची जाणीव तीव्र झाली. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये घरांच्या उष्णतारोधनासाठी अनुदान देणारा कायदा संमत झाला आणि असंख्य माळ्यांवर खनिज लोकरीच्या गुंडाळ्या उलगडल्या गेल्या.

ही लोकर वितळलेल्या काचेपासून किंवा खडकापासून काढलेल्या बारीक तंतूंची असते. आरंभी ती फक्त तुळयांमधील गाळ्यांत भरली जाई. तुळयांची उंची साधारणतः १०० मिलीमीटर आणि थराची जाडी तेवढीच किंवा त्याहून कमी. त्यामुळे तुळयांच्या वरच्या कडा उघड्या राहत आणि चढणाऱ्या माणसाला पाय कोठे ठेवावा हे दिसत असे.

पुढे नियम अधिकाधिक कडक झाले. छपरातून किती उष्णता बाहेर जाऊ द्यावी, याची मर्यादा एका गुणांकाने ठरवतात. आतील व बाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती ऊर्जा जाते, हे तो गुणांक सांगतो. १९६५ च्या इमारत-नियमांत छपरासाठी त्याचे मूल्य १.४२ वॅट होते. २००२ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये अमलात आलेल्या नियमांत तुळयांशी रोधक असलेल्या उतरत्या छपरासाठी ते ०.१६ वॅटवर आले, म्हणजे जवळजवळ एक नवमांश झाले. हे मूल्य गाठण्यासाठी खनिज लोकरीचा सुमारे २७० मिलीमीटर जाडीचा थर लागतो. व्यवहारात तो दोन पदरांत घालतात: १०० मिलीमीटरचा पहिला पदर तुळयांच्या मधे आणि १७० मिलीमीटरचा दुसरा पदर तुळयांवरून आडवा.

या दुसऱ्या पदरानेच प्रस्तुत प्रश्न निर्माण केला आहे. आता माळ्याच्या दारातून डोकावले असता भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली एक मऊ, सपाट गादी दिसते. तिच्याखाली तुळई कोठे आणि गाळा कोठे, हे ओळखण्याचे कोणतेही चिन्ह उरत नाही. रोधक थराने घराला ऊब दिली. परंतु पाऊल ठेवण्याची जागा झाकून टाकली. फळ्या घालण्याचे काम म्हणजे ही हिरावलेली जागा परत मिळवणे होय. ते करताना थराने दिलेली ऊब मात्र गमावता कामा नये. पुढील सर्व विवेचन या दुहेरी अटीभोवतीच फिरते.

दाबलेली लोकर

ज्याला या अटीची जाणीव नाही, तो सर्वांत सोपा मार्ग धरतो. तो लोकरीवरच फळ्या ठेवतो आणि त्या दाबून तुळयांना स्क्रूने आवळून टाकतो. चालायला जागा होते आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात २७० मिलीमीटरचा थर आता १०० मिलीमीटरच्या पोकळीत कोंबला गेलेला असतो.

यात काय बिघडले, हे समजण्यासाठी लोकर उष्णता कशी अडवते ते पाहिले पाहिजे. उष्णता अडवण्याचे खरे काम तंतू करत नाहीत. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली निश्चल हवा ते करते. आपल्याकडील कापसाच्या गादीचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे वापरून गादी चपटी होते आणि थंडीत तिच्यावर निजणाऱ्याला फरशीचा गारवा जाणवू लागतो. पिंजाऱ्याने तोच कापूस पिंजून पुन्हा भरला की गादी उबदार होते. कापूस तोच, वजनही तेच. वाढली ती आत कोंडलेली हवा.

आता आकड्यांनी हिशेब करू. थराची मीटरमधील जाडी भागिले पदार्थाची औष्णिक वाहकता म्हणजे थराचा उष्णतारोध. माळ्यावर घालण्याच्या लोकरीची वाहकता ०.०४४ धरली, तर २७० मिलीमीटर जाडीच्या थराचा उष्णतारोध ०.२७ भागिले ०.०४४, म्हणजे सुमारे ६.१ येतो. थर १०० मिलीमीटरपर्यंत दाबला की तंतू दाट होतात आणि वाहकता थोडी सुधारते. ती ०.०३६ झाली असे उदारपणे मानले, तरी उष्णतारोध ०.१० भागिले ०.०३६, म्हणजे २.८ एवढाच उरतो. खालची खोली २० अंश आणि माळा शून्य अंश सेल्सिअसवर असताना पूर्ण थरातून दर चौरस मीटरमागे सुमारे ३.३ वॅट उष्णता जाते. दाबलेल्या थरातून ७ वॅटहून अधिक जाते. विकत आणलेल्या लोकरीचा निम्म्याहून अधिक गुण फळ्यांखाली चिरडला गेला, असा याचा अर्थ.

यावरून पहिला नियम निघतो: फळी लोकरीवर टेकता कामा नये. ती लोकरीच्या वर, स्वतंत्र आधारावर उभी असली पाहिजे.

फळी किती उंच असावी?

आधार किती उंच घ्यावा, हे साध्या बेरजेने ठरते. छताच्या तक्त्यापासून मोजलेली थराची जाडी २७० मिलीमीटर. थराचा पृष्ठभाग आणि फळीची खालची बाजू यांच्यामध्ये हवा खेळण्यासाठी ५० मिलीमीटर मोकळी जागा ठेवणे हितावह असते. एकूण उंची झाली ३२० मिलीमीटर. त्यातील १०० मिलीमीटर तुळईचीच उंची आहे. म्हणून तुळईच्या माथ्यापासून फळी २२० मिलीमीटर उचलावी लागेल. तुळया ७५ मिलीमीटरच्या असतील, तर हाच आकडा २४५ होईल. प्रत्येक घरात प्रथम मोजावे आणि मग आधार आणावेत. आधी आधार आणून थर त्यांच्या मापात बसवू नये.

आधाराच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली लाकडी. मूळ तुळयांना काटकोनात उभट लाकडे टाकून त्यांवर फळ्या ठोकतात. या पूरक तुळयांची दिशा आणि लोकरीच्या वरच्या पदराची दिशा एकच असल्यामुळे गुंडाळी दोन लाकडांच्या मधोमध सरळ उलगडते. मात्र २२० मिलीमीटर उंच आणि ४७ मिलीमीटर रुंद अशा मऊ जातीच्या लाकडाचे वजन दर मीटरला साडेचार किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि तो सारा भार खालच्या तुळयांवर पडतो. दुसरी पद्धत पायांची. प्लास्टिकचे किंवा धातूचे तयार पाय मूळ तुळयांच्या माथ्यावर स्क्रूने बसवतात आणि त्यांवर फळ्या किंवा हलक्या पट्ट्या टेकवतात. पाय वजनाला हलके असतात आणि लोकर त्यांच्याभोवती सहज बसते. लाकूड लोकरीच्या मानाने सुमारे तिप्पट उष्णता वाहून नेते. या दृष्टीनेही आधारांचे एकूण क्षेत्र कमी असणे इष्ट ठरते.

उंच आणि अरुंद पाय बाजूच्या धक्क्याने कलंडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक पाय तुळईला घट्ट असावा आणि वरच्या फळ्या परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, म्हणजे सर्व मिळून एक अखंड पृष्ठभाग होतो व बाजूचा धक्का अनेक पायांत वाटला जातो.

भाराची मर्यादा

फळ्या बसल्या की माळा जमिनीसारखा भासू लागतो आणि हा भास धोक्याचा आहे. फळीने तुळईची शक्ती वाढत नाही. ती फक्त वजन तुळईपर्यंत पोहोचवते.

१९६० च्या दशकापासून ब्रिटनमध्ये कारखान्यात तयार केलेल्या कैच्यांची छपरे मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. अशा कैचीत वासे, खालची आडवी तुळई आणि मधले तिरके दांडे धातूच्या दातेरी पत्र्यांनी एकत्र सांधलेले असतात. दांडे केवळ ३५ मिलीमीटर जाडीचे असू शकतात आणि दोन कैच्यांमधील अंतर सामान्यतः ६०० मिलीमीटर असते. आडवी तुळई येथे केवळ छत धरून ठेवत नाही. छपराच्या भाराने वासे बाहेर सरकू पाहतात, त्यांना ती ताणून धरते. वाटेत आडवा येतो म्हणून कैचीतील एखादा दांडा कापणे किंवा त्याला मोठी खाच पाडणे, म्हणजे संपूर्ण छपराचा तोल बिघडवणे होय. असे कधीही करू नये.

अशा कैचीच्या खालच्या तुळईवर साठवणीचा भार दर चौरस मीटरला ०.२५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅम, इतकाच धरलेला असतो. याखेरीज दुरुस्तीसाठी चढलेल्या एका माणसाचा ०.९ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ९० किलोग्रॅमचा, भार एका जागी गृहीत धरतात. आता १८ मिलीमीटर जाडीच्या चिपबोर्डचे वजनच दर चौरस मीटरला सुमारे १२ किलोग्रॅम असते. संपूर्ण माळा अशा तक्त्यांनी झाकला, तर एकही वस्तू वर ठेवण्यापूर्वीच निम्मी मर्यादा संपते. पुस्तकांची एक भरलेली पेटी उरलेली मर्यादा ओलांडण्यास पुरेशी आहे.

म्हणून माळा संपूर्ण झाकण्याचा मोह टाळावा. दारापासून टाकीपर्यंत ६०० मिलीमीटर रुंदीची वाट आणि टाकीजवळ गुडघे टेकून काम करण्यापुरता चौथरा, एवढे बहुतेक घरांना पुरते. वाट चार मीटर लांब असेल, तर तिचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर होईल आणि तक्त्यांचे वजन २९ किलोग्रॅमच्या आसपास राहील. यापेक्षा अधिक सामान ठेवायचे असेल किंवा तुळयांच्या बळाविषयी शंका असेल, तर बांधकाम-अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

पाण्याच्या टाकीचा हिशेब यापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा. पन्नास गॅलनच्या टाकीत २२७ लिटर पाणी मावते आणि त्या पाण्याचे वजनच २२७ किलोग्रॅम भरते. हा भार वाहण्यासाठी टाकीखाली स्वतंत्र चौकट असते. वाटेच्या फळ्या त्या चौकटीवर टेकवू नयेत.

हवेला वाट मोकळी ठेवणे

रोधक थर जितका चांगला, तितका माळा हिवाळ्यात अधिक थंड होतो. कारण खालची उष्णता आता तेथे पोहोचत नाही. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील बाष्प मात्र छतातील फटींतून वर येतच असते. थंड लाकडाला किंवा कौलाखालच्या पडद्याला लागताच त्याचे पाणी होते. हे सांद्रीभवन रोज होऊ लागले, तर लाकडावर बुरशी चढते आणि काही काळाने ते कुजू लागते.

यावरील उपाय म्हणजे वळचणीतून हवा आत येऊ देणे. एका बाजूच्या वळचणीतून शिरलेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि बाष्प घेऊन जाते. म्हणून लोकर किंवा फळ्या वळचणीपर्यंत दाबून भरू नयेत. छपराच्या आतील बाजूपासून साधारणतः ५० मिलीमीटर जागा मोकळी ठेवावी. फळीखाली सोडलेली ५० मिलीमीटरची पोकळीही याच कारणासाठी आहे. चिपबोर्डचा तक्ता लोकरीला चिकटून बसला, तर वर येणारे बाष्प त्याच्या थंड खालच्या पृष्ठभागावर साकळते आणि वरून कोरडी दिसणारी वाट खालून भिजत राहते.

माळ्याच्या दाराचाही येथेच विचार केला पाहिजे. दाराच्या कडांना फट बुजवणारी पट्टी आणि पाठीवर रोधकाचा तुकडा लावावा. अन्यथा सर्व बाष्प व उष्णता तेथूनच वर जाईल.

तारा, दिवे आणि नळ

विजेच्या तारेतून प्रवाह वाहत असताना ती तापते. उघड्या हवेत ही उष्णता निघून जाते. जाड लोकरीखाली ती कोंडते. पाणी तत्काळ तापवणाऱ्या विजेच्या शॉवरसारख्या उपकरणांना मोठा प्रवाह लागतो आणि त्यांच्या तारा अशा प्रकारे झाकल्या गेल्यास तारांचे आवरण खराब होऊ शकते. शक्य असेल तेथे तारा थराच्या वर घ्याव्यात. ते शक्य नसल्यास तार त्या स्थितीत पुरेशी आहे की नाही, हे जाणकार वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. जुन्या तारांचे प्लास्टिकचे आवरण पॉलिस्टायरिनच्या संपर्कात आल्यास कालांतराने खराब होते, हेही ध्यानात असावे. छतात बसवलेल्या खोलगट दिव्यांवर लोकर थेट पसरू नये. त्यांच्यासाठी बनवलेली न पेटणारी आच्छादने वापरावीत. तारांच्या जोडपेट्यांवर येणारी फळी अशी बसवावी की दोन स्क्रू काढताच ती उचलता येईल.

टाकी तुळयांलगत असेल, तर तिच्या तळाखाली लोकर घालत नाहीत. खालच्या खोलीतून येणारी थोडी ऊब टाकीला मिळावी आणि पाणी गोठू नये, हा त्यामागील हेतू असतो. टाकीच्या बाजू, झाकण आणि नळ मात्र नीट गुंडाळले पाहिजेत. कारण रोधित माळा पूर्वीपेक्षा थंड असतो. गोठून फुटलेला नळ दुरुस्त करण्यासाठी कोणीतरी भर हिवाळ्याच्या रात्री, हाती दिवा घेऊन, घाईघाईने माळ्यावर चढतो. ही वाट प्रामुख्याने त्या माणसासाठी आहे.

कामाचा क्रम

प्रथम शिडीवर उभे राहून, आत न शिरता, पाहणी करावी. भरपूर उजेड असावा. तुळया कोणत्या दिशेने जातात, त्यांच्यामधील अंतर किती, ओल कोठे आहे, तारा कोठून गेल्या आहेत, हे टिपून घ्यावे. जुन्या नळांवर राखी रंगाचे गुंडाळलेले वेष्टन किंवा गाळ्यांत अभ्रकासारखे चमकणारे दाणे आढळले, तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्यांना स्पर्श न करता काम थांबवावे आणि तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. वटवाघळांची वस्ती आढळली तरीही थांबावे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्याने वटवाघळांना व त्यांच्या निवाऱ्याला संरक्षण दिलेले आहे.

काम करताना धुळीपासून रक्षण करणारा मुखवटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. उन्हाळ्यात माळा फार तापतो. म्हणून सकाळची वेळ बरी. घरात दुसरे कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

आत शिरताना दोन तात्पुरत्या फळ्या जवळ ठेवाव्यात. प्रत्येक फळी निदान तीन तुळयांवर टेकेल इतकी लांब हवी. एकीवर गुडघे टेकून दुसरी पुढे सरकवावी आणि अशा रीतीने वाटचाल करावी. सिमेंटच्या पत्र्यांच्या छपरावर काम करणारे आपल्याकडील जाणते कारागीरही हेच करतात: पत्र्यावर पाय न देता खालच्या आधारांवर टेकलेल्या फळीवरून ते सरकतात. दिसणारा पृष्ठभाग आणि भार पेलणारा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

वरचा पदर घालण्यापूर्वी प्रत्येक तुळईच्या रेषेवर, वर दिसणाऱ्या वाशावर, खडूने किंवा रंगाने ठळक खूण करावी. पुढे सर्व तुळया लोकरीखाली गेल्या तरी या खुणा त्यांची जागा दाखवत राहतात. मग वाटेची आखणी करून आधार बसवावेत. येथे खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. हातोड्याच्या धक्क्यांनी खालच्या छताला तडे जातात आणि जुन्या घरातील लाकडी पट्ट्यांवरचे चुन्याचे छत तर ढासळूही शकते. स्क्रू फिरवण्यापूर्वी खाली तार किंवा नळ नाही, याची खात्री करावी.

आधार बसल्यावर लोकरीचा वरचा पदर आधारांभोवती, फट न ठेवता आणि न दाबता पसरावा. शेवटी फळ्या. माळ्यासाठी मिळणारे चिपबोर्डचे तक्ते साधारण १२२० मिलीमीटर लांब आणि ३२० मिलीमीटर रुंद असतात, त्यामुळे ते लहान दारातून वर नेता येतात. त्यांच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ असते. १८ मिलीमीटर जाडीच्या तक्त्याला ४५० मिलीमीटरपेक्षा अधिक अंतरावर आधार चालत नाही; आधार ६०० मिलीमीटरवर असतील तर २२ मिलीमीटरचा तक्ता घ्यावा आणि त्याच्या अधिक वजनाचा हिशेब ठेवावा. वाट ६०० मिलीमीटर ठेवायची असल्यास दोन तक्ते शेजारी शेजारी जोडून थोडी अधिक रुंदी मिळते.

तक्त्याचे प्रत्येक टोक आधारावरच संपले पाहिजे, हा यातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आधाराच्या पुढे अधांतरी राहिलेले टोक डोळ्यांना इतर फळीसारखेच दिसते. त्याच्यावर पाय पडला की ते खाली जाते, दुसरे टोक उचलले जाते आणि माणूस गाळ्यात कोसळतो. वाटेला एकही फळी नसती, तर तो जपून चालला असता. फळी दिसली म्हणून त्याने विश्वासाने पाय टाकला. अपुरी किंवा अर्धवट वाट ही वाट नसण्याहून अधिक घातक ठरते, ती याच कारणाने.

वाट जमिनीपासून, म्हणजे छतापासून, सव्वातीनशे मिलीमीटर उंचीवर असल्यामुळे तिच्या दोन्ही कडांना उठाव देणारी पट्टी ठोकावी, म्हणजे अंधारात पाय कडेवरून निसटणार नाही. माळ्याच्या दाराभोवती लोकर खाली पडू नये म्हणून फळ्यांची चौकट करावी आणि धरण्यासाठी एक भक्कम मूठ बसवावी. पाठमोरा सरकणारा माणूस उघड्या दारातच पडण्याची भीती असते. म्हणून दारापाशीच पक्का दिवा असावा आणि त्याची कळ खालून लावता यावी. भाराची मर्यादा एका पाटीवर स्पष्ट लिहून ती दारानजीक लावावी.

वाट कोणासाठी?

फळ्या घालणाऱ्याला तुळया कोठे आहेत हे ठाऊक असते. त्याने त्या उघड्या असताना पाहिलेल्या असतात. परंतु घरे माणसांपेक्षा अधिक काळ टिकतात. दहा किंवा वीस वर्षांनी त्या दारातून नवा घरमालक, नळकारागीर किंवा वीजतंत्रज्ञ वर येईल. त्याला खालचे काहीच दिसणार नाही. त्याच्यापुढे केवळ लोकरीचा विस्तार आणि त्यातून गेलेली एक वाट असेल. जेथे फळी आहे तेथे आधार आहे आणि जेथे आधार नाही तेथे फळी नाही, एवढे जर त्या वाटेविषयी खात्रीने म्हणता आले, तर तो न विचारता चालू शकेल, आणि त्याच्या पावलांखालची लोकरही पहिल्या दिवसाइतकीच जाड असेल.